ड्रोन तर बटण दाबलं की उडतो, मग आठवडाभराचं प्रशिक्षण कशाला?

वरात मंगल कार्यालयाच्या कमानीपाशी येते, बँड जोरात वाजू लागतो आणि तेवढ्यात डोक्यावरून घरघर करत एक ड्रोन जातो. नवरदेवाचा फेटा, नाचणारे मामा, वर बघून हात हलवणारी पोरं, सगळं कॅमेऱ्यात येतं. ड्रोन उडवणारा मुलगा विशी-बाविशीचा. त्याने हे कुठे शिकलं असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, "यूट्यूबवर बघून."

यात त्याचं पूर्ण चुकलं असंही म्हणता येत नाही. आजचा ड्रोन खरोखर बटण दाबलं की वर जातो, हात सोडला की हवेत थांबतो आणि दुसरं बटण दाबलं की निघाला होता तिथे परत येतो. मग कायदा त्यासाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सर्टिफिकेट का मागतो? हे सर्टिफिकेट कोणाला लागतं, कुठे मिळतं, त्यात काय शिकवतात आणि ते मिळाल्यावर खरंच काम मिळतं का? एकेक मुद्दा समजून घेऊ.

सर्टिफिकेट नेमकं कोणाला लागतं?

भारतात ड्रोनसाठीचे सध्याचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले. त्यांना 'ड्रोन नियम २०२१' म्हणतात. त्याआधीचे नियम बरेच किचकट होते. नव्या नियमांत अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर 'लायसन्स' हा शब्दही गेला आणि त्याजागी 'रिमोट पायलट सर्टिफिकेट' आलं. लोक बोलताना त्याला अजूनही परवानाच म्हणतात.

या नियमांत ड्रोनचे वजनानुसार पाच गट आहेत. वजन म्हणजे नुसत्या यंत्राचं नाही, तर बॅटरी, कॅमेरा, टाकीतलं औषध असं सगळं धरून.

• नॅनो: २५० ग्रॅमपर्यंत
• मायक्रो: २५० ग्रॅमच्या वर ते २ किलो
• स्मॉल: २ किलोच्या वर ते २५ किलो
• मीडियम: २५ किलोच्या वर ते १५० किलो
• लार्ज: १५० किलोच्या वर

नॅनो ड्रोन उडवायला सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवत असाल तरीही लागत नाही. पण तोच मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवलात की सर्टिफिकेट लागतं. भावाच्या लग्नात हौसेने शूट केलं तर एक नियम, आणि पुढच्या आठवड्यात तोच ड्रोन घेऊन लग्नाची ऑर्डर घेतली तर दुसरा. स्मॉल आणि त्यावरच्या गटांत तर हौस असो की धंदा, सर्टिफिकेट हवंच. फवारणीचे बहुतेक ड्रोन स्मॉल गटात येतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्टिफिकेटची सूट म्हणजे सगळ्याच नियमांतून सूट नाही. मायक्रो गटापासून पुढे ड्रोनची नोंदणी, त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक आणि थर्ड पार्टी विमा लागतो. कुठे उडवायचं आणि कुठे नाही, हे नियम तर नॅनोलाही लागू आहेत. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद 'ड्रोन नियम २०२१' मध्ये आहे.

पात्रता काय?

वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास. इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, विज्ञान शाखाही लागत नाही. पूर्वी अर्जासाठी पासपोर्ट लागायचा. ग्रामीण भागातली कितीतरी मुलं-मुली तिथेच अडायची. सप्टेंबर २०२३ मध्ये ती अट काढली गेली. आता सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो.

प्रशिक्षण मात्र कुठेही घेऊन चालत नाही. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, काही संस्थांना 'रिमोट पायलट ट्रेनिंग ऑर्गनायझेशन' म्हणून मान्यता देतं. सर्टिफिकेट या संस्थांमार्फतच मिळतं. सरकारी फी फक्त १०० रुपये आहे आणि सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. खरा खर्च होतो तो संस्थेच्या फीवर. ती संस्थेनुसार आणि ड्रोनच्या गटानुसार बदलते, पण साधारण ३० हजारांपासून ७० हजारांपर्यंत जाते. महाराष्ट्रात खासगी संस्थांबरोबर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठालाही अशी मान्यता मिळालेली आहे.

आठवडाभरात शिकवतात काय?

मूळ कोर्स साधारण पाच ते सात दिवसांचा असतो. त्याचे तीन भाग: वर्गातला अभ्यास, सिम्युलेटर आणि मैदानावरचं उड्डाण.

वर्गात नियम, हवाई हद्द, हवामान, ड्रोन हवेत कसा तरंगतो, बॅटरीची काळजी आणि आणीबाणीत काय करायचं हे शिकवतात. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवरचा ड्रोन. रिमोट खराच असतो, पण ड्रोन पडला तर फक्त स्क्रीनवर पडतो. इथे मनसोक्त चुका करता येतात. त्यानंतर प्रशिक्षकासोबत मैदानात उतरायचं.

मैदानात नवख्या माणसाला सगळ्यात जास्त घाम फोडते ती दिशा. ड्रोनचं तोंड पलीकडे असतं तेव्हा सगळं सोपं असतं. उजवीकडे काडी ढकलली की ड्रोन उजवीकडे जातो. पण ड्रोन वळून तुमच्याकडे तोंड करून आला, की तुमचं उजवं ते त्याचं डावं होतं. काडी उजवीकडे ढकलली की तो तुमच्या डावीकडे सरकतो. घाबरलेला माणूस काडी आणखी जोरात ढकलतो आणि ड्रोन थेट झाडात किंवा माणसांत शिरतो. म्हणूनच मैदानात चौकोन, गोल आणि इंग्रजी आठचा आकडा पुन्हा पुन्हा काढून घेतात. विचार न करता हात योग्य बाजूला वळेपर्यंत.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जीपीएस. हात सोडल्यावर ड्रोन हवेत एका जागी थांबतो, त्यात पायलटचं कौशल्य काहीच नसतं. उपग्रहांचे संदेश घेऊन ड्रोन स्वतःची जागा सांभाळत असतो. उंच इमारतींच्या मध्ये किंवा सिग्नल कमजोर झाल्यावर हा आधार सुटतो आणि मग ड्रोन वाऱ्याबरोबर वाहू लागतो. ज्याने फक्त बटणांवर ड्रोन उडवला आहे, त्याच्यासाठी तो क्षण अगदी नवा असतो. प्रशिक्षणात हा क्षण मुद्दाम आणला जातो. जीपीएसची मदत नसताना ड्रोन स्थिर ठेवायला शिकवतात.

'परत ये' हे बटणही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखं नाही. परत येताना ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर जातो आणि मग सरळ रेषेत येतो. ती उंची २० मीटर ठेवली असेल आणि वाटेत ३० मीटरचा मोबाइल टॉवर असेल तर? साध्या ड्रोनला टॉवर दिसत नाही. उड्डाणाआधी आजूबाजूची सगळ्यात उंच गोष्ट शोधायची आणि त्याहून वरची उंची भरायची, ही सवय म्हणूनच लावली जाते.

बॅटरीचंही तसंच आहे. ड्रोनच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या आणि ताकदवान असतात, पण नाजूकही असतात. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती 'आजच्या दिवस चालवून घेऊ' म्हणून लावायची नसते.

'आज उडवायचं नाही' हे ठरवणं

थोडक्यात, प्रशिक्षणाचा बराचसा भाग उडवण्याबद्दल नसतोच. कधी थांबायचं, हे त्यात शिकवलं जातं.

वारा वाढलाय, ढग खाली आलेत, खाली गर्दी जमली आहे, पंख्याला बारीक तडा गेलाय, हेलिकॉप्टरचा आवाज येतोय. यातलं एकही कारण उड्डाण थांबवायला पुरेसं असतं. माणसं असलेल्या विमानाला आणि हेलिकॉप्टरला वाट देणं ड्रोनवाल्यासाठी बंधनकारक आहे. अपघात झालाच, तर त्याची माहिती ४८ तासांच्या आत ऑनलाइन द्यावी लागते.

प्रत्यक्षात नाही म्हणणं अवघड असतं. लग्नात वरबाप समोर उभा असतो, फोटोग्राफरने पॅकेजमध्ये 'ड्रोन शूट' लिहून दिलेलं असतं आणि वरात दारात आलेली असते. अशा वेळी "काका, वारा जास्त आहे, खाली माणसं आहेत, आत्ता उडवत नाही," असं सांगायला नियमांची माहिती आणि आत्मविश्वास दोन्ही लागतात. दीड किलोचा ड्रोन १५ मीटरवरून डोक्यावर पडला तर काय होईल, हे वर्गात एकदा नीट समजलं की ते वाक्य तोंडातून निघतं.

हिरवा, पिवळा, लाल: कुठे उडवता येतं?

सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने देशाचा ड्रोन नकाशा जाहीर केला. त्यात आकाश तीन रंगांत वाटलेलं आहे.

हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. लष्करी तळ आणि महत्त्वाच्या ठिकाणांभोवती असे लाल पट्टे असतात. नकाशा बदलत राहतो, त्यामुळे मागच्या महिन्यात हिरवं होतं म्हणून आजही हिरवंच असेल असं नाही. प्रत्येक उड्डाणाआधी तो बघायचा.

त्याशिवाय पोलिसांचे स्थानिक आदेश असतात. मुंबईत पोलीस वेळोवेळी जमावबंदीच्या धर्तीवर आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून अशा गोष्टींवर बंदी घालतात. नकाशा हिरवा असला तरी असा आदेश लागू असेल तर उडवता येत नाही.

गावात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीडसह राज्याच्या काही भागांत रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून घबराट पसरली होती. चोरांच्या अफवा उठल्या, लोक रात्र रात्र जागले. अशा वातावरणात सर्व्हेचं रीतसर काम करणाऱ्या मुलांकडेही संशयाने बघितलं जातं. म्हणून गावात काम असेल तर आधी सरपंच, पोलीस पाटील आणि पोलीस ठाण्याला कळवणं आणि सर्टिफिकेटची प्रत खिशात ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

शेतात चूक महाग का पडते?

महाराष्ट्रात ड्रोनचं मोठं काम शेतात आहे आणि त्यामागे एक दुखरी आठवण आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि अंगावर येणारे औषधाचे तुषार. ड्रोनमुळे माणूस या तुषारांपासून लांब राहतो. १० लिटरच्या टाकीचा ड्रोन एका एकरावर साधारण १० मिनिटांत फवारणी करतो.

पण धोका संपत नाही, त्याची जागा बदलते. पाठीवरच्या पंपाने एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागतं. ड्रोनमध्ये तेच काम ८ ते १० लिटरमध्ये होतं. म्हणजे औषधाची मात्रा तीच, पण पाणी खूपच कमी. टाकीतलं मिश्रण त्यामुळे कितीतरी तीव्र असतं. टाकी भरणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि चष्मा घातला नाही, तर यवतमाळची गोष्ट वेगळ्या पद्धतीने पुन्हा घडू शकते.

दुसरा धोका वाऱ्याचा. ड्रोनचे थेंब बारीक असतात. पिकाच्या फार वर उडवलं किंवा वारा असताना उडवलं, तर औषध शेजाऱ्याच्या रानात जातं. शेजारी तुती असेल आणि तो पाला रेशीमअळ्यांना घातला, तर अख्खी बॅच मरू शकते. मधमाश्यांच्या पेट्या असतील तर त्या रिकाम्या होतात. २,४-डी सारख्या तणनाशकाचा थोडा अंशही द्राक्षाला आणि कपाशीला सोसत नाही. तणनाशक मारून टाकी नीट न धुता तीच टाकी बागेत नेली, तर नुकसान स्वतःच्याच गिऱ्हाइकाचं होतं. बांधावरच्या भांडणाला एवढं कारण खूप झालं.

ड्रोनने फवारणी कशी करायची, याची कार्यपद्धती केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केली. त्यामुळे शेतीसाठी ड्रोन उडवणाऱ्याला उड्डाणाबरोबर औषधाचं मिश्रण, नोझल, उंची, वेग आणि वारा हेही शिकावं लागतं.

'ड्रोन दीदी'ला १५ दिवस का?

'नमो ड्रोन दीदी' योजनेत याच कारणाने प्रशिक्षण १५ दिवसांचं ठेवलं आहे. त्यातले ५ दिवस ड्रोन उडवण्याचे आणि १० दिवस खत-औषध फवारणीचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १,२६१ कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. महिला बचत गटाला ड्रोन आणि त्याच्या साहित्यासाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत मिळते. उरलेल्या रकमेसाठी गटाला कर्ज घेता येतं आणि त्याच्या व्याजात ३ टक्क्यांची सवलत आहे.

गटातली एक बाई पायलट होते. दुरुस्ती आणि देखभालीसाठी आणखी एका सदस्याला किंवा घरातल्या कोणाला तरी सहायक म्हणून शिकवलं जातं. शेतातलं प्रत्यक्ष काम बघितलं तर दोन माणसं का लागतात ते कळतं. एका बॅटरीवर ड्रोन साधारण १० ते १५ मिनिटंच चालतो. त्यामुळे बॅटऱ्यांचे तीन-चार संच, ते चार्ज करायला जनरेटर, पाण्याचे कॅन आणि हे सगळं बांधापर्यंत न्यायला गाडी लागते. गाडीची सोय झाली नाही तर ड्रोन घरीच बसतो.

फवारणीपलीकडे काय?

लग्न आणि शेती एवढ्यावर हे काम संपत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने गावठाणांची ड्रोनने मोजणी केली. आधी घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेषा मारल्या, मग वरून फोटो घेतले आणि त्यावरून नकाशे व मालमत्ता पत्रकं तयार झाली. आषाढी वारीत गर्दीवर नजर ठेवायला पोलीस ड्रोन वापरतात. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप गावी कोविडच्या सुमारे ३०० लशी ड्रोनने पोहोचवल्या गेल्या.

लशींचं उदाहरण मात्र वेगळं आहे. एरवी ड्रोन डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर उडवायचा असतो. त्यापलीकडच्या उड्डाणाला खास परवानगी लागते. आठवड्याच्या कोर्सनंतर लगेच 'ड्रोन डिलिव्हरी' सुरू करता येईल, असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा.

कोर्स निवडताना फसगत कशी टाळायची?

'दोन दिवसांत ड्रोन पायलट', 'घरबसल्या ऑनलाइन परवाना', '१०० टक्के नोकरीची हमी' अशा जाहिराती रोज दिसतात. पैसे भरण्याआधी पाच गोष्टी तपासा.

१. संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का? संस्थेने दाखवलेल्या कागदावर जाऊ नका, यादी स्वतः उघडून बघा.

२. मिळणारा कागद नेमका कोणता? संस्थेच्या लेटरहेडवरचं 'कोर्स पूर्ण केल्याचं' प्रमाणपत्र आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. कोणत्या गटासाठी? मायक्रोचं सर्टिफिकेट घेऊन फवारणीचा स्मॉल ड्रोन उडवता येत नाही. आधी काम ठरवा, मग कोर्स.

४. प्रत्यक्ष रिमोट किती वेळ हातात मिळणार? एका प्रशिक्षकामागे किती मुलं आहेत, हे विचारा.

५. ड्रोन घ्यायचा असेल तर त्याची नोंदणी होते का? फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद आहेत. बाजारात 'बिलाशिवाय स्वस्तात' मिळणाऱ्या ड्रोनला ओळख क्रमांक मिळणं अवघड असतं. सर्टिफिकेट खरं आणि ड्रोन बेकायदेशीर, अशी गत व्हायला नको.

सर्टिफिकेट मिळालं, आता काम मिळेल?

ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं म्हणून कोणी लगेच टॅक्सीचा धंदा उभा करत नाही. हेही तसंच आहे. सर्टिफिकेट म्हणजे कायद्याने उडवायची मुभा. पैसे मिळतात ते त्यापुढच्या कौशल्याचे.

सर्व्हेच्या कामात फोटो काढल्यावर ते जोडून नकाशा तयार करता यावा लागतो. पूल, टॉवर किंवा सोलर पॅनेलच्या तपासणीत बिघाड ओळखता यावा लागतो. फवारणीत पीक, कीड आणि औषध कळावं लागतं आणि हंगाम संपल्यावर काय करायचं याचा विचार आधीच करावा लागतो. लग्नाच्या शूटमध्ये एडिटिंग आलं पाहिजे. म्हणूनच ज्यांच्या हातात आधीपासून एखादं काम आहे, जसं कृषी सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ किंवा मोजणीचं काम, त्यांना ड्रोनचा उपयोग लवकर होतो. पूर्ण नवख्याने कर्ज काढून ड्रोन घेण्याआधी एक हंगाम कोणाच्या तरी हाताखाली काढलेला बरा.

आणि तो वरातीतला मुलगा? त्याचा हात बहुधा चांगलाच बसलेला असतो, चित्रंही सुंदर येत असतात. पण ड्रोन मायक्रो गटातला असेल, तर एक आठवडा आणि काही हजार रुपये खर्च करून तो बिनधास्तपणे ऑर्डर घेऊ शकतो. पोलिसांनी विचारलं तर कागद दाखवू शकतो, काही घडलं तर विम्याचा आधार असतो. आणि वारा सुटलेला असताना वरबापाला "थांबा" असं सांगू शकतो.